दुपारपासून

घरभेटीला गेलं की खुर्ची मागायची नाही. कोणी आणून ठेवलीच तर तिच्यावर आपली पिशवी ठेवायची आणि घरातली माणसं जिथं बसली असतील तिथं आपण टेकायचं. समोर बसून प्रश्न विचारायचे नाहीत, माणसाला लगेच चौकशी लागल्यासारखं वाटतं. काहीतरी काम हातात घ्यायचं. शेंगा सोलत असतील तर शेंगा, चादर वाळत घालत असतील तर तिचं दुसरं टोक. हात गुंतले की तोंड मोकळं होतं. आणि मुलाला आईबापांसमोर ‘सगळं ठीक आहे ना’ असं कधीच विचारायचं नाही, ते ‘हो’च म्हणणार. नव्या मुली कामावर लागल्या की मी त्यांना हे सांगते. बिचाऱ्या भराभर लिहून घेतात. मला मात्र सांगताना धस्स होतं, कारण यातलं सगळं मी तेव्हा अगदी नीट केलं होतं.

माझं काम काय ते लोकांना अजून कळलेलं नाही. चार शाळा आणि एक खडखडणारी स्कूटर. मी शिकवत नाही, औषधं देत नाही, शिक्का मारत नाही. ‘शाळेच्या बाई, त्या शिकवत नाहीत त्या’ अशी माझी ओळख. मूल यायचं थांबलं की त्याच्या घरी जायचं, का थांबलं ते शोधायचं आणि त्याला परत आणायचं, एवढंच ते काम.

बियाण्याच्या कपाशीचा हंगाम लागला की माझी धावपळ सुरू होते. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हेरायची, नखानं सोलायची आणि तिच्यावर लाल कागदाची टोपी बसवायची. सकाळी ती टोपी काढून नराचं फूल तिच्यावर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. झाड पोरींच्या छातीएवढं, कळी नाजूक, त्यामुळे मुकादमांना पोरीच हव्या असतात. दोन महिने वर्ग निम्मे रिकामे. त्या वर्षी पहिल्या आठवड्यात अकरा जणी गेल्या आणि पंधरा दिवसांत मी दहा परत आणल्या. उरली एक, चौथीतली. तिला सगळे धाकटीच म्हणायचे.

सलग तीस दिवस गैरहजर राहिलं की नाव कापतात. तिचे बावीस झाले होते.

“तिच्या घरी तुम्ही नका जाऊ,” गुरुजी म्हणाले. सकाळी सगळे वर्ग एकत्र बसवून हजेरी तेच घ्यायचे. हजेरीपट बंद करून त्यांनी त्याच्यावर दोन्ही हात ठेवले होते. “दुसऱ्या कोणाला पाठवता येत नाही का?”

“दुसरं कोण आहे? माझ्या स्कूटरला पाठवू?”

ते हसले नाहीत. “माझी दोन वर्षं राहिली आहेत, बाई. तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणतोय.”

मला माहीत होतं. धाकटीची बहीण, मोठी, गेल्या हंगामात वारली. तेरा वर्षांची, सातवीतली पोर. वाचताना अडखळायची, गणित आलं की पोट दुखायचं. आई स्वतः बियाण्याच्या प्लॉटवर राबायची, पण पोरींना तिकडं फिरकू द्यायची नाही. सकाळी वेण्या घालून दोघींना शाळेच्या वाटेला लावायची. मोठी अर्ध्या वाटेतून वळायची आणि तळ्यापलीकडच्या प्लॉटवर जायची. तिथं बाहेरगावची टोळी होती, ओळखीचं कोणी नव्हतं. मी तिला पकडलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, “बाई, शाळेत मी सगळ्यांत मागे असते. तिथं मी सगळ्यांच्या पुढे असते. आईला नका सांगू.”

आम्हाला शिकवतात की मुलानं विश्वासानं सांगितलेलं फोडायचं नाही. मी फोडलं नाही. तिच्याशी सौदा केला की सकाळी फुलं कर, पण दुपारी एक वाजता शाळेत ये. नाव कापू नये म्हणून गुरुजींना म्हटलं, तिची सकाळपासून हजेरी लावत जा. ती खरंच येऊ लागली. तेरा दिवस एकाला पाच मिनिटं कमी असताना वर्गात यायची, पिवळी बोटं ओढणीला पुसत. मी एका बैठकीत हे उदाहरण म्हणून सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

चौदाव्या दिवशी ती आली नाही. मी त्या दिवशी दुसऱ्या शाळेत होते. संध्याकाळी आई शाळेत विचारायला गेली, तेव्हा हजेरीपटात मोठीच्या नावापुढं हजेरीची रेघ होती. गुरुजी घाबरले आणि म्हणाले, “होती की. पाचला सुटली.” सगळं गाव शाळेच्या वाटेवर शोधत राहिलं, वाटेवरच्या विहिरीत गळ टाकून बघितलं. सकाळी ती शेततळ्यात सापडली. प्लास्टिक अंथरलेलं तळं, काठ असे निसरडे की पोहता येणारासुद्धा बाहेर येत नाही. पलीकडच्या टोळीनं टेम्पोत सामान भरायला घेतलं होतं. मी धावत तिथं गेले तेव्हा एक बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, “बारा वाजता गेली ती. शाळेत जायचं म्हणून हात धुवायला.” दुपारपर्यंत टोळी निघून गेली.

शाळेतून येताना पाय घसरला, असं कागदावर लागलं. मी काही बोलले नाही. पोर काही परत येणार नाही, असं गुरुजी म्हणाले आणि मी मान हलवली. तेव्हापासून हजेरी सुरू झाली की मी वर्गाबाहेर नळावर जाते.

तर मी गेले. सकाळी सातला प्लॉटवर पोचले. आठ-दहा बायका ओळीओळीनं पुढं सरकत होत्या. धाकटी त्यांच्यात होती, कमरेला दोऱ्यांचा गुंडा, झाडांत बुडालेली, नुसती केसांची रिबीन दिसायची. तिची आई तिच्या शेजारच्या ओळीत. मी तिला वहिनी म्हणायची. वर्षात फार वाळल्या होत्या, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या.

“वहिनी, मीपण लागू का?”

“लागा की. कोणी नको म्हटलंय?” त्यांनी वर बघितलंच नाही.

धाकटीच्या पलीकडची ओळ मोकळी होती. मी तिच्यात शिरले, एक लाल टोपी काढली आणि नर फूल शोधायला लागले. थोड्या वेळानं लक्षात आलं की कुणाच्याच बांगड्या वाजत नाहीयेत. मान वर केली तर सगळ्या बायका थांबून माझ्याकडे बघत होत्या.

“बाई, त्या ओळीतून बाहेर या,” मुकादमीण म्हणाली. एरवी शिव्यांशिवाय न बोलणारी बाई, पण अगदी हळू बोलली.

“का? काय झालं?”

“ती सोडलेली आहे. पोर करते ती, तिची झाली की.”

धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातातली लाल टोपी बघत होती. मी ती परत कळीवर बसवायला गेले तर ती फाटली. धाकटीनं येऊन माझ्या हातातून फूल घेतलं, त्या कळीवर फिरवलं, दोरा बांधला आणि आपल्या ओळीत गेली.  मी निमूटपणे कडेला जाऊन उभी राहिले.

“ही तिची खुळं आहेत,” मुकादमीण नंतर मला म्हणाली. “बहिणीची ओळ म्हणते. एका रोजात दोन ओळी करते, माझं काय जातंय. बाया घाबरतात त्या ओळीत जायला. मागच्या आठवड्यात एक जण म्हणाली, पोर तिथं पोचायच्या आतच दोरे बांधलेले होते.”

“कोणीतरी बांधले असतील.”

“मीपण तेच म्हटलं.” ती जमिनीवर थुंकली. “नख वाढवा, बाई. या बोटांनी तुम्ही कळी नाही, वांगी सोलाल.”

त्यानंतर मी रोज गेले. सकाळी दोन तास प्लॉटवर, मग शाळा, मग परत साडेतीनला कळ्या सोलायला. चौथ्या दिवशी माझा अंगठा नखाजवळ चिरला आणि त्यात कपाशीचा चीक गेला. मी बोट तोंडात घातलं तशा वहिनी ओरडल्या, “अहो, घालू नका तोंडात! औषध मारलंय परवा.” मग त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्या बोटावर ओतलं आणि पदराची चिंधी फाडून बांधली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कशासाठी एवढं राबता हो?” त्या म्हणाल्या. “मला कळतंय तुम्ही का येता. पण मी हिला पाठवणार नाही.”

“नाव कापतील तिचं. चार दिवस राहिलेत.”

“कापू देत. मोठीचं नाव होतं की पटावर. काय केलं त्या नावानं?” त्यांची बोटं थांबत नव्हती. सोलायची, टोपी, पुढची कळी. “मी स्वतः वेणी घालून शाळेत धाडली. पाचला सुटली ती माझ्याकडं यायला निघाली असणार, नाहीतर तळ्याकडं कशाला येईल? त्या दिवशी मी नेमकी वरच्या बांधावरून घरी गेले. रोज खालून जायची, त्या दिवशी वरून गेले. झाली चुकामूक.” त्यांनी हातातली कळी बघितली, ती फार सोलली गेली होती. फेकून दिली. “ही आता माझ्या डोळ्यांसमोर राहील. अडाणी राहिली तर राहू दे.”

मी खाली मान घालून कळ्या सोलत राहिले.  

वहिनींचा नवरा ट्रकवर असायचा, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. पूर्वी दर आठवड्याला यायचा म्हणे. ते घर म्हणजे या दोघीच. मी एकदा दुपारी त्यांच्या घरी गेले तेव्हा दारामागं दोन दप्तरं टांगलेली होती. दोन्ही भरलेली. एकावरची धूळ पुसलेली होती, दुसऱ्यावर जाड थर होता. धूळ धाकटीच्या दप्तरावर होती.

सत्ताविसाव्या दिवशी धाकटी माझ्याशी बोलली. वहिनी बांधावर कागदाच्या टोप्या आणायला गेल्या होत्या. मी विचारलं काहीच नाही. नुसतं म्हटलं, “तुझी आई तुला शाळेत पाठवत नाही, तर मी तरी काय करू गं.”

“आई नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“आईनं मला पहिल्या दिवशी वेणी घातली होती. मीच म्हटलं मला तुझ्याबरोबर यायचंय. मी रडले. खूप रडले, ओकले. मग आई म्हणाली, बरं, चल.”

मी हातातलं काम चालू ठेवलं. एवढी वर्षं केलंय, हात थांबवले की मूल मिटतं. “शाळेत काय भीती वाटते तुला?”

“हजेरी.”

“हजेरीत काय आहे?”

 एक फूल तिनं तीन कळ्यांवर फिरवलं, एकेका कळीला दोरा बांधला. मग झाडाच्या आडून म्हणाली, “ताईचं नाव आलं की मी ‘हजर’ म्हणायची. तिच्या आवाजात. गुरुजी वर बघायचे नाहीत. त्या दिवशीपण म्हटलं. मी म्हटलं म्हणून गुरुजींनी लिहिलं. मग सगळे तिकडंच शोधत बसले.” तिचा आवाज पार बारीक झाला. “मी म्हटलं नसतं तर तळ्याकडं बघितलं असतं ना?”

माझ्या तोंडून आपसूक निघालं, “कोणी सांगितलं होतं तुला असं म्हणायला? ताईनं?”

तिनं फांदी बाजूला केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला आठवत नाही याचं तिला नवल वाटलं असावं.

आणि मला आठवलं. शाळेच्या पायरीवर. मी स्कूटरची किल्ली शोधत होते, घाईत होते. मोठीचं नाव आलं की वर्गात शांतता व्हायची, पोरं फिदीफिदी हसायची, गोष्ट आईच्या कानावर जाईल असं मला वाटलं. मी या पोरीच्या डोक्यावर टपली मारून म्हटलं होतं, “ताईचं नाव आलं की तूच बोलत जा गं, हजर म्हणून. शहाणी ना तू?” किल्ली सापडली आणि मी निघाले. नंतर कधी एकदाही हे माझ्या मनात आलं नव्हतं. वर्षभर मी माझ्या पापाचा हिशोब करत बसले होते आणि त्यात ही पोर कुठंच नव्हती.

“मी सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“हो,” धाकटी म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींना सगळं सांगितलं. ते खुर्चीत खाली खाली जात राहिले. “आता कशाला उकरताय?” ते म्हणाले. “माझी नोकरी जाईल. तुमचीही जाईल. पोरगी लहान आहे, विसरेल.”

“ती विसरत नाहीये, गुरुजी. ती दोन ओळी करतेय.”

त्यांना ते कळलं नाही, आणि मला समजावून सांगायचं त्राण नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “आईचा विचार करा निदान. तिनं काहीतरी समजूत घालून घेतलीय मनाची. ती का मोडता?” हा प्रश्न खरा होता. आदल्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पोरीला सोडवायचं तर आईला घालायचं त्यात. पण एक दहा वर्षांची आहे आणि एक मोठी बाई आहे. मला एवढंच सुचलं, आणि ते बरोबर होतं की नाही हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्या दिवशी दुपारी कळ्या सोलायच्या वेळेला मी वहिनींच्या ओळीत जाऊन उभी राहिले. धाकटीला हाक मारून जवळ घेतलं. 

“वहिनी, मोठी त्या दिवशी शाळेत नव्हती.”

त्यांनी कळी सोलून टोपी बसवली. “काय म्हणालात?”

मी सगळं सांगितलं. पलीकडचा प्लॉट, सौदा, तेरा दिवस, हजेरीची रेघ. धाकटीच्या खांद्यावर माझा हात होता. “आणि हिला हजर म्हणायला मी सांगितलं होतं. ही लहान होती, मी सांगितलं म्हणून हिनं केलं. यात हिचा काहीही दोष नाही. दोष माझा आहे.” धाकटी माझ्या हाताखाली ताठ उभी होती. मग तिला हुंदका आला, पहिला एकदम मोठा, नंतर ती रडतच राहिली, नाक वाहेपर्यंत.

वहिनींनी तिला ओढून पोटाशी धरलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. “तू हे घेऊन राहिलीस होय गं वर्षभर?” त्या तिला म्हणाल्या. “वेडी पोर. मला नाही सांगायचं?” मग पदरानं तिचं तोंड पुसलं. “जा, मुकादमीणबाईकडून दोऱ्याचा गुंडा घेऊन ये. जा, माझी शहाणी.”

ती गेली. ती ऐकू येणार नाही एवढी लांब जाईपर्यंत वहिनी थांबल्या.

“किती वाजता?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“पलीकडच्या प्लॉटवरून किती वाजता निघाली माझी पोर?”

मला खोटं बोलता आलं असतं. “बारा वाजता,” मी म्हटलं. “शाळेत यायला निघाली होती. हात धुवायला थांबली.”

वहिनी खाली बसल्या. ओळीतल्या मातीतच. मी वाकले तर त्यांनी हात झटकला.

“ओढणीनं तिनं स्वतःला पंपाच्या पाइपाला बांधून घेतलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुला माहीत आहे का हे?”

मला माहीत नव्हतं. हे कोणी सांगितलंच नव्हतं.

“काखेतून घेऊन बांधलं होतं. कोणीतरी येईल म्हणून. माणसं ओढणी कापायला निघाली होती, मी कापू दिलं नाही. गाठ मी सोडवली, दातांनी. भिजून घट्ट झाली होती.” त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. “मी तेव्हापासून मोजतेय. साडेपाचला पडली असेल. थंडी होती, पाणी गार. दोन तास दम काढला असेल असं म्हणायची मी. फार तर तीन. तोवर अंधार झाला, मग झोप लागली असेल तिला. असं मी म्हणायची.” त्या थांबल्या. “आणि आता तू सांगतेस दुपारपासून.”

“वहिनी...”

“बाराला मी त्या झाडाखाली डबा सोडला होता. तळ्यापासून दोन शेतं. मी जेवत होते गं. पोर हाका मारत असणार आणि मी जेवत होते. तो पंप चालू होता, भर्र भर्र, त्याच्यात काय ऐकू येणार?”

त्या रडल्या नाहीत. मी रडत होते, आणि मला माझीच लाज वाटत होती. थोड्या वेळानं त्या उठल्या, लुगड्याला लागलेली माती झटकली. धाकटी गुंडा घेऊन येताना दिसली.

“त्या मास्तरला उद्या सकाळी पट घेऊन इथं यायला सांग,” त्या म्हणाल्या. “मला वाचता येत नाही, पण हिला येतं.”

गुरुजी येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले. एकोणतिसावा दिवस होता. हजेरीपट पिशवीत गुंडाळून, बुटांत चिखल भरलेला, बांधावरून तोल सांभाळत आले. बायकांनी काम थांबवलं. 

“पोरीचं पान काढा,” वहिनी म्हणाल्या. “गेल्या वर्षीचं.”

त्यांनी काढलं. धाकटीनं बोट ठेवून नाव शोधलं, मग तारखेवर बोट सरकवत नेलं आणि एका चौकोनावर थांबवलं. “हे.”

“काय लिहिलंय?”

“हजर.”

“खोडा,” वहिनी म्हणाल्या. “नव्हती ती. नव्हती असं लिहा.”

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं. त्यांनी रेघ खोडली, लाल शाईनं वर ‘गै’ काढला आणि बाजूला सही केली. सही करताना त्यांना ठाऊक होतं की हा कागद वर जाणार आणि विचारणा होणार. झालीही. त्यांचं काय झालं आणि माझं काय झालं, ते कार्यालयाच्या फायलीत आहे, इथं नको.

“झालं का गं?” वहिनींनी विचारलं.

धाकटीनं ते अक्षर नीट बघितलं. “झालं.”

मग वहिनींनी तिच्या कमरेचा दोऱ्यांचा गुंडा सोडला आणि स्वतःच्या कमरेला खोचला. तिचे केस नुसतेच चापून बसवले. “मास्तरांबरोबर जा. हात सोडायचा नाही त्यांचा. हजेरी झाली की मग सोड.” धाकटी चार पावलं गेली, मागं वळून बघितलं, पुन्हा गेली. गुरुजींनी आपल्या पिशवीचा हात बदलला आणि तिचा हात धरला.

मीपण निघाले.

“तू कुठं निघालीस?” वहिनी म्हणाल्या. “हिची ओळ कोण करणार?”

मी परत फिरले आणि ओळीत उभी राहिले. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि माझ्या बांधलेल्या दोऱ्यांना एकदासुद्धा नावं ठेवली नाहीत. ऊन चढत गेलं. मानेवरून घाम पाठीत उतरत होता, चिरलेला अंगठा ठणकत होता. तळ्यावरचा पंप सकाळपासून चालू होता. रोजच असायचा, मी त्याच्याकडे कधी लक्षही दिलं नव्हतं.

बाराला मुकादमीण ओरडली, “चला गं, जेवून घ्या.” सगळ्या झाडाखाली गेल्या. वहिनी गेल्या नाहीत. त्या ओळीतून बाहेर पडल्या आणि तळ्याच्या बाजूला चालायला लागल्या.  मी मागोमाग पळाले. पण त्या तळ्याच्या काठाला गेल्याच नाहीत. बाजूच्या खांबावर पंपाची पत्र्याची पेटी होती, तिचं झाकण त्यांनी उघडलं आणि खटका खाली ओढला.

पंप घरघरला आणि थांबला.

“कोणी बंद केला गं?” मुकादमीण झाडाखालून ओरडली.  ती उठून आली, वहिनींकडे बघितलं आणि परत गेली. तेव्हापासून त्या प्लॉटवर बारा ते एक पंप बंद असतो.

वहिनी पेटीला हात टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर. वारा नव्हता. दोन शेतं पलीकडे, झाडाखाली, कोणीतरी डब्याचं झाकण उघडलं. ते आम्हाला दोघींना इथं ऐकू आलं.